चिऱ्याचे घर

चिऱ्याचे घर म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांनी बांधलेले कोकणातील पारंपरिक घर. जांभा खाणीत मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी त्याला ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले.

वारसामूल्य

खारेपाटण येथे सापडलेला शके ९३० (इ. स. १००८) चा ताम्रपट शिलाहार राजांची वंशावळ सांगतो. कष्टकऱ्यांचा असा लेख सहसा नसतो. त्यांच्याविषयीचा पुरावा त्यांच्या लहानशा घरांतच असतो. हाताने घडवलेल्या चिऱ्यांवरील हत्यारांच्या खुणा आणि मंगळुरी कौलांवरील कारखान्याचे शिक्के यांवरून बांधकामाचा काळ व पद्धत यांचा अंदाज येतो. सिमेंटचा गिलावा केल्यास खुणा झाकल्या जातात. कौले उतरवून स्लॅब घातल्यास शिक्केही नाहीसे होतात.