गुऱ्हाळाची विद्या

लांबलचक आणि निष्फळ बोलण्याला मराठीत ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणतात. ज्याने हा वाक्प्रचार प्रथम योजला त्याने गुऱ्हाळ रात्रभर चालते एवढेच पाहिले असावे. सकाळी तेथे गूळ तयार झालेला असतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नसावी. वस्तुतः गुऱ्हाळाइतका फलद्रूप जागर खेड्यात दुसरा नाही. उसाच्या रसातून पाणी घालवावयाचे आणि गोडी राखावयाची, एवढेच ते काम. परंतु हे ‘एवढेच’ शिकावयास माणसाचे निम्मे आयुष्य जाते, आणि ते बहुधा बापाच्या शेजारी चुलवणापाशी बसूनच शिकावे लागते.

अशी विद्या जगात अन्यत्रही आहे. कॅनडा व अमेरिका यांच्या ईशान्य भागात मेपल नावाचे वृक्ष आहेत. हिवाळा सरता सरता त्यांच्या बुंध्याला छिद्र पाडून रस धरतात व तो आटवून पाक करतात. तेथील मूळ रहिवाशांनी ही कृती गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पुष्कळ आधी सिद्ध केली होती, आणि आजही कित्येक कुटुंबांत ती आजोबांकडून नातवाकडे जाते. मेपलच्या रसात साखर शेकडा दोनच्या आसपास असते. म्हणून एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. आपला ऊस त्या मानाने उदार आहे. त्याच्या रसात शेकडा १८ ते २० भाग विद्राव्य घन पदार्थ असतात व त्यांत बहुतेक साखरच असते. आपल्याकडे त्या पाकाची बहीण म्हणजे काकवी. गूळ होण्याच्या वाटेवर थांबलेला रस तो काकवी, असे म्हणावयास हरकत नाही.

पवना, इंद्रायणी व भामा यांच्या खोऱ्यांत धरणे होण्यापूर्वी ऊस म्हटला की विहीर आणि मोट. असा बागाइताचा तुकडा लहानच असे. पण त्याचे गुऱ्हाळ एका घराच्या बळावर होत नसे. ऊस तोडावयास, मोळ्या वाहावयास, घाण्याचे बैल हाकावयास आणि जाळ घालावयास माणसे लागत. ती सावडीने मिळत. आज एकाची पाळी, उद्या दुसऱ्याची. सुताराने घाणा व लोहाराने काहील दुरुस्त करावी आणि त्यांच्या वाट्याचा गूळ त्यांच्या घरी पोचावा, ही रीत होती. वाटसरूला रस पाजल्यावाचून जाऊ देणे कमीपणाचे मानीत. पुढे बैलांच्या जागी इंजिन आले व विजेची मोटार आली, तरी कामाचा क्रम पालटला नाही.

तो क्रम असा. ऊस तोडला की शक्य तो त्याच दिवशी गाळावा. पडून राहिलेल्या उसातील साखरेचे विघटन होऊन तिच्यापासून ज्या दोन साध्या साखरा होतात त्यांचा कण बांधला जात नाही, आणि मग गूळ चिकट राहतो. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत घेतात. उसाचे चिपाड उन्हात वाळवून तेच चुलवणात घालतात, म्हणजे ऊस स्वतःचेच सरपण बरोबर घेऊन येतो. वाढे जनावरांना जाते आणि राख शेतात जाते. टाकाऊ असे फारसे काही उरत नाही.

प्रथम जाळ मंद ठेवावयाचा. रस आम्लधर्मी असतो, म्हणून त्यात बेताने चुन्याची निवळी घालतात. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही आणि अधिक झाला तर तो काळवंडतो. नंतर रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजविल्यावर जो बुळबुळीत चीक निघतो तो ओततात. रस तापू लागला की हा चीक गोठतो व रसातील गाळ आपल्यात गुंतवून वर आणतो. ही मळी झाऱ्याने काढावयाची ती रसाला उकळी फुटण्यापूर्वी. एकदा उकळी फुटली की मळी पुन्हा रसात मिसळते आणि केलेले श्रम वाया जातात.

मळी निघाली की जाळ वाढवितात. फेस काहिलीच्या काठाशी आला तर तेलाचे चार थेंब त्याला खाली बसवितात. अडीच-तीन तासांत रसाचा रंग पालटतो, बुडबुडे जड होतात, आणि थेंब दोन बोटांत धरून ओढला असता तार सुटते. उष्णतामान या वेळी १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ही काकवी. भाकरीबरोबर वा घावनाबरोबर खाण्यासाठी ती येथेच काढून घेतात. पुढे जाळ चालू ठेवला तर उष्णतामान ११८ ते १२० अंशांपर्यंत चढते. तेव्हा गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते. तो क्षण गाठून काहील उतरवावयाची, पाक वाफ्यात ओतावयाचा, घोटून थंड करावयाचा आणि साच्यात भरावयाचा. क्षण चुकला तर अलीकडे गूळ पातळ व पलीकडे करपलेला. १०० किलो उसापासून साधारणतः १० ते १२ किलो गूळ मिळतो. तेव्हा एका आधणात किती लोकांचे कष्ट पणाला लागलेले असतात हे सहज ध्यानी येईल.

हा क्षण ओळखणारा तो गुळव्या. त्याला उष्णतामापक यंत्र ठाऊक नसे. तो बुडबुड्याचा आकार पाही, पाकाचा आवाज ऐके, वासावरून अंदाज घेई. मुलगा प्रथम चिपाड पसरी, मग जाळ घालण्यास बसे, पुढे मळी काढू लागे. आणि पुष्कळ हंगाम गेल्यावर एखाद्या रात्री बाप त्याला म्हणे, ‘आता तू सांग.’ पिढीजात विद्या हस्तांतरित होते ती अशा एका वाक्याने.

ही साखळी कोठे तुटली? पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. त्या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली ४० एकर होते ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले, असे त्यांना आढळले. पण जमिनीचे तुकडे पडतात, काहिलीचे पडत नाहीत. वाटण्या झालेले भाऊही अशा सामाईक कामासाठी एकत्र येऊ शकत. पुढे जमिनीचाच उपयोग पालटला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. पिंपळे सौदागर आज त्याच महानगराचा एक भाग आहे. उरलेल्या उसाला कासारसाईच्या संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यासारखे गिऱ्हाईक मिळाले. महिन्याच्या पगारापुढे रात्रीचा जाळ कोणाला गोड वाटावा? यात मुलांचा दोष नाही. पण ‘आता तू सांग’ असे म्हणणारा बाप असून ऐकणारा मुलगा कामाच्या पाळीवर गेला, ही गोष्ट खरी.

दुसरे संकट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून आले. पिवळाधमक गूळ तोच उत्तम, अशी समजूत रूढ झाल्याने काही ठिकाणी रंग उजळविण्यासाठी गंधकयुक्त रसायने वापरली जाऊ लागली. चुना व भेंडी यांवर भागविलेला गूळ पुष्कळदा तांबूस असतो, आणि काकवी तर गडदच. रंगावरून पारख करणारे गिऱ्हाईक नकळत चांगल्या गुळव्यालाच शिक्षा करते.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने या जुन्या कृतीला मोजमापाची जोड दिली आहे, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उष्णतामापक हाती आला तर नवशिक्याला निम्मी वाट सोपी होते. मात्र तो आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. कारण पिंपरी-चाकणच्या पठारावर पाणी १०० अंशांच्या सुमारे दोन अंश अलीकडेच उकळते. उरलेली निम्मी वाट मात्र पुस्तकात नाही. ती ज्याच्या बोटांत आहे असा वृद्ध गृहस्थ अजून एखाद्या गावी असेल, तर नातवाने सुटीच्या एका रात्री त्याच्या शेजारी बसावे. काहील उतरविण्याचा क्षण त्याच्याकडून एकदा जरी पाहून घेतला, तरी ती रात्र फुकट गेली असे होणार नाही.