ऑर्गनवादकाच्या मनगटावर घड्याळ असावं का?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. ऑर्गन वाजवताना हातात घड्याळ घालावं की नाही, यावर व्याख्यान? पण प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचं बोट धरून आत गेलं की हे वाद्य कसं चालतं ते कळतं, आणि वाजवणारा नेमका कोणाच्या वेळेने चालतो तेही कळतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन, म्हणजे पायपेटी, डोळ्यांसमोर येते. पायाने भाता मारायचा, दोन्ही हात वाजवायला मोकळे. मी आज मुख्यतः चर्चमधल्या पाइप ऑर्गनबद्दल बोलणार आहे. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. यात दोन, तीन, मोठ्या वाद्यात पाचसुद्धा की-बोर्ड पायऱ्यांसारखे एकावर एक असतात. पायांखाली आणखी एक असतो, तो पायांनीच वाजवायचा. दोन्ही बाजूंना स्टॉपच्या खुंट्या. खुंटी ओढली की पाइपांची एक रांग चालू होते. वादक बहुधा वर माडीवर बसतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याची पाठ वेदीकडे असते. खाली काय चाललंय ते त्याला आरशात, नाहीतर हल्ली छोट्या पडद्यावर दिसतं. हा आरसा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याचं. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, सूर निघतो आणि लगेच विरायला लागतो. सतारीचंही तेच. ऑर्गनचं तसं नाही. पट्टी दाबली की एक झडप उघडते आणि हवा पाइपमध्ये शिरते. पट्टी दाबलेली आणि हवा चालू आहे तोवर सूर तसाच उभा. एक टोकाचं उदाहरण देतो. जर्मनीत हाल्बरश्टाट गावात एका जुन्या चर्चमध्ये जॉन केजची एक रचना 2001 सालापासून चालू आहे आणि ती संपायची आहे 2640 साली. एकूण 639 वर्षं. तिथे वादक बसलेला नाही. वजनं लावून पट्ट्या दाबून ठेवल्या आहेत. 5 फेब्रुवारी 2024 ला सूर बदलला तेव्हा तो ऐकायला माणसं मुद्दाम तिथे गेली. पियानोवर हे शक्यच नाही.

दुसरी गोष्ट. ऑर्गनची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. मग वादकाच्या बोटांच्या हातात उरलं काय? सूर कधी सुरू करायचा आणि कधी सोडायचा, एवढंच. त्यातलं ‘सोडणं’ जास्त महत्त्वाचं. मोठ्या दगडी इमारतीत घुमारा कित्येक सेकंद राहतो. तिथे एक सूर दुसऱ्यावर चढून सगळ्याचा लगदा होऊ नये म्हणून दोन सुरांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. पियानो शिकलेला माणूस ऑर्गनवर बसला की त्याची पहिली अडचण हीच होते. त्याला पट्टी मारायची सवय असते, उचलायचं शिक्षण नसतं.

याचा घड्याळाशी काय संबंध? सांगतो. बोटाने पट्टी अचूक क्षणी सोडायची तर मनगट सैल लागतं. बोटं हलवणारे स्नायू असतात कोपराखाली, आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून पुढे बोटांत जातात. आपण पट्टा बांधतो तो बरोबर याच रस्त्यावर. साधं घड्याळ काही फार जड नसतं आणि पट्टा सैल असला तर वादनावर फार परिणाम होतो असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं घड्याळ घालून उत्तम वाजवणारी माणसं आहेत. पण पट्टा घट्ट असेल तर मनगट नकळत आखडतं. पट्टा सैल असेल तर घड्याळ घसरत राहतं आणि हात त्याला सांभाळत बसतो. थोडक्यात, वजनापेक्षा लक्ष विभागलं जाणं हा खरा त्रास आहे.

दुसरी तक्रार एकदम व्यवहारी आहे. वरच्या की-बोर्डवर वाजवताना मनगट खालच्या की-बोर्डच्या पट्ट्यांवरून तरंगत असतं. कधी कधी तर बोटं वर आणि अंगठा खालच्या की-बोर्डवर, असंही एकाच हाताने वाजवतात. घड्याळाची तबकडी वर असते. खाली काय येतं? बकल. धातूचं बकल. जुन्या वाद्याच्या पट्ट्यांवर हाड किंवा हस्तिदंत असतं, त्यावर चरा उठला की उठला. आणि मनगट जरा खाली गेलं तर नको तो सूर वाजतो, तोही न विरणारा! तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घेणाऱ्यांची काच घासते.

तिसरी तक्रार आवाजाची. काही डिजिटल घड्याळं दर तासाला टुकटुकतात. प्रार्थनेच्या मधल्या शांततेत तो आवाज किती मोठा वाटतो ते वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत ऐकून वाटेल की निकाल लागला, घड्याळ काढा. पण दुसरी बाजू पोकळ नाही. ऑर्गनवादकाला वेळेचं भान लागतंच, इतर बऱ्याच वादकांपेक्षा जास्त लागतं. कारण तो मैफल करत नसतो, दुसऱ्यांच्या कार्यात सेवा देत असतो. इंग्लंडमध्ये अंत्यविधीच्या दाहगृहात प्रत्येक कुटुंबाला ठरावीक वेळ मिळते. एकाचं लांबलं की बाहेर दुसरं कुटुंब शवपेटी घेऊन उभं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाताळच्या आदल्या दिवशीची गीतसेवा 1918 साली सुरू झाली आणि 1928 पासून ती रेडिओवर जाते. दुपारी तीनला. त्याआधीचं ऑर्गनवादन वेळेवर संपावंच लागतं, जग ऐकत असतं.

आणि ही कटकट आजची नाही. योहान सेबास्टियन बाखचा किस्सा आहे. 1703 पासून तो आर्नश्टाट गावात ऑर्गनवादक होता. 1705 च्या अखेरीस त्याने बुक्सटेहूडेचं वादन ऐकायला ल्यूबेकला जाण्यासाठी चार आठवड्यांची रजा घेतली आणि परतला जवळपास चार महिन्यांनी. फेब्रुवारी 1706 मध्ये चर्चच्या मंडळाने त्याला बोलावून जाब विचारला. रजेबद्दल तर विचारलंच, पण आणखी एक तक्रार नोंदली गेली. हा आधी फार लांबण लावून वाजवायचा. वरिष्ठांनी समज दिली, तर दुसऱ्या टोकाला गेला आणि फारच आखूड वाजवायला लागला! बाख तेव्हा वीस वर्षांचा. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, कारण मनगटी घड्याळ पुरुषांमध्ये रुळलं ते पहिल्या महायुद्धात. पण मला सांगा, घड्याळ असतं तर हा प्रश्न सुटला असता? मला नाही वाटत. त्याला किती वाजले हे कळत नव्हतं असं नाही. खाली बसलेल्या लोकांना किती पुरे, यावर भांडण होतं.

इथे आपण मुळाशी येतो. ऑर्गनवादकाला दोन वेळा सांभाळायच्या असतात. एक घड्याळाची. सेवा कधी सुरू, कधी संपणार, पुढचं लग्न किती वाजता. दुसरी माणसांची. नवरीला यायला उशीर झाला तर वाजवत राहायचं, आणि ती वेदीपाशी पोचली की वाक्य पुरं करून थांबायचं. ही वेळ तबकडीवर नसते, आरशात असते.

त्याहून बारीक गोष्ट सामुदायिक गाण्याची. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही, माणसांना लागतो. स्तोत्राची ओळ संपली की वादकाने हात उचलायचे, लोकांना दम घेऊ द्यायचा. तो हात एखादा क्षण उशिरा उचलला तर म्हाताऱ्या माणसांची पुढची ओळ सुटते. अंत्यविधीला तर गळा दाटलेला असतो, श्वास लांब लागतो. तिथे वादक तबकडी बघत असेल तर त्याला तो श्वास ऐकू येणार नाही.

माझं स्वतःचं सांगतो. एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला मी ऑर्गनवर होतो. सभागृह वेळेत रिकामं करायचं होतं आणि नाटक रेंगाळलं होतं. गायिकेने पदात एक लांब जागा घेतली. मी मनात म्हटलं, किती वाजले असतील? ऑर्गनवर हात उपडे असतात, तबकडी थेट डोळ्यांसमोर येते. घड्याळाच्या बाजूने लोक हीच सोय सांगतात आणि ती खरी आहे. मी पाहिलं, अर्धा क्षण. तेवढ्यात बाई समेवर आल्या आणि मी मागून पोचलो. प्रेक्षकांतल्या किती जणांना कळलं कोण जाणे, त्यांना मात्र कळलं. प्रयोग संपल्यावर एवढंच म्हणाल्या, “तुम्ही कुठे गेला होतात हो?” त्या दिवसापासून वाजवायला बसताना मी घड्याळ काढतो. घाईचा त्रास घड्याळ काढून गेला नाही. पण निदान ती घाई हाताला बांधलेली नसते.

तर माझं उत्तर असं. घड्याळ हवं, मनगटावर नको. ऑर्गनवादक बसण्याआधी बूट बदलतो, पायांच्या पट्ट्यांसाठी पातळ तळव्याचे खास बूट असतात. त्याच वेळी घड्याळ काढावं आणि बाजूला, मान न वळवता दिसेल असं ठेवावं. एक काळजी घ्या, नुसत्या लाकडावर ठेवू नका. मोठ्या वाद्यात बत्तीस फुटी पाइप असतात, त्यांचा खालचा सूर सेकंदाला साधारण सोळा कंपनांचा. तो कानापेक्षा अंगाला जास्त जाणवतो आणि आसपासच्या वस्तू खडखडायला लागतात. खाली रुमाल घाला. आणि घड्याळाकडे पाहायचं ते दोन रचनांच्या मध्ये. गाणं चालू असताना आरशाकडे पाहायचं आणि कान खाली ठेवायचा.



प्रश्न : बैठकीत हार्मोनियम वाजवणाऱ्यांनाही हे लागू आहे का?

थोडं कमी. पेटीवर डावा हात बहुतेक वेळ भात्यावर असतो, त्यामुळे डाव्या मनगटावरचं घड्याळ बोटांच्या आड येत नाही. पण पेटीचाही सूर दाबला तोवर टिकतो, म्हणून ‘सोडण्याचं’ महत्त्व तिथेही आहे. मायक्रोफोन जवळ असेल तर धातूचा पट्टा भात्याबरोबर वाजतो, तो आवाज उचलला जातो. आणि साथीला बसून घड्याळ बघणं गवयाला दिसतं, त्याला वाटतं आपल्याला आवरायला सांगताहेत. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम असला तरी ते सांगायचं काम आयोजकांचं आहे, साथीदाराच्या मनगटाचं नव्हे.

प्रश्न : स्मार्टवॉच म्यूट करून घातलं तर?

आवाज बंद होतो, थरथर चालू राहते. मनगटावर कोणीतरी टिचकी मारली की लक्ष तिकडे जाणारच, आणि बोट नेमकं तेव्हा पट्टी सोडत असेल तर ती फट चुकणार. कंपन बंद करा, स्क्रीन बंद करा. एवढं सगळं बंद करायचं तर मग हातात ठेवायचं कशाला? काढून रुमालावर ठेवा.