जपानी कान आणि इंग्रजी ‘र’-‘ल’

इंग्रजीतले ‘राइट’ आणि ‘लाइट’ कितीही सावकाश म्हणून दाखवले, तरी पुष्कळ जपानी माणसांना ते एकच वाटतात, कारण त्यांच्या भाषेत या दोहोंच्या जागी एकच ध्वनी आहे. शिक्षक जिभेचं चित्र काढतात, आरशासमोर बसवतात. जीभ वळते, कान वळत नाही. ज्यांचा उच्चार अमेरिकी श्रोत्यांना नीट ओळखू येतो, असे जपानीही ऐकताना गोंधळतात, हे हिरोमु गोटो यांनी १९७१ मध्येच नोंदवलं होतं.

मग दोष कानाचा का? याचं उत्तर यंत्रानं दिलं. आवाजाचं चित्र काढणारा स्पेक्ट्रोग्राफ १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाला. त्या चित्रात कंप्रतांचे गडद पट्टे दिसतात. इंग्रजी ‘र’ म्हणताना तिसरा पट्टा साधारण दोन हजार हर्ट्‌झच्या खाली घसरतो, ‘ल’ म्हणताना वरच राहतो. १९७५ च्या एका प्रयोगात तो पट्टा तेवढा सुटा करून ऐकवला, तेव्हा जपान्यांना फरक अमेरिकनांइतकाच कळला! कान ठणठणीत होते. तोच आवाज बोलण्यात आला, की मेंदू त्या पट्ट्याची दखलच घेत नव्हता.

१९८४ मध्ये स्ट्रेंज आणि डिटमान यांनी संगणकानं घडवलेल्या आवाजांवर सराव करून घेतला. प्रगती झाली, पण माणसाच्या तोंडच्या खऱ्या शब्दांपर्यंत ती पोचली नाही. १९९१ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी पाच वेगवेगळ्या माणसांचे आवाज घेतले. शब्द ऐकायचा, बटण दाबायचं, चूक की बरोबर ते लगेच कळायचं. तीन आठवड्यांत अचूक उत्तरं ७८ टक्क्यांवरून ८६ वर गेली. विद्यार्थी मात्र सहाच होते, म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. पण १९९७ मध्ये ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांना अशाच सरावानंतर उच्चारही सुधारलेले आढळले, आणि बोलण्याचा सराव तर कुणी दिलाच नव्हता.

या शास्त्रात मराठीही आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत एक गोष्ट मोजली: अडलेली हवा सुटणं आणि कंठाचा कंप सुरू होणं, यांतलं अंतर. ‘त’, ‘थ’, ‘द’ निमूट वेगळे झाले. ‘ध’नं मात्र मोजपट्टीला दाद दिली नाही, कंप ‘द’सारखाच आधी सुरू, वेगळेपण मागून येणाऱ्या श्वासात.

आज आवाजाचं तसंच चित्र काढणारं, अ‍ॅमस्टरडॅमच्या बुर्स्मा आणि वेनिंक यांचं ‘प्रात’ हे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर फुकट चालतं. फोनवरची अ‍ॅप्स तर थेट गुण देतात. त्या गुणांवर माझा फारसा विश्वास नाही. बोलणं ओळखणारी यंत्रणा संदर्भावरून शब्द ताडते, त्यामुळे चूक कधी झाकली जाते, तर कधी निरुपद्रवी हेलही चूक ठरतो. हेल ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं, हे मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं आहे.

परभाषिकांना मराठी शिकवणाऱ्यांनी गुणांपेक्षा पिसोनींची तऱ्हा उचलावी. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ‘ज’ लिपीत दिसत नाहीत. ते ऐकवावेच लागतात. त्यासाठी सातारा, नागपूर, सावंतवाडी असे सगळीकडचे आवाज घ्यावेत. एकट्या पुण्याचे नकोत.