गाडी दिल्लीची, नोंदणी महाराष्ट्राची

दिल्लीत सात-आठ वर्षे वापरलेली डिझेल मोटार पुण्या-मुंबईतील तशाच मोटारीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते, हे आता गुपित राहिलेले नाही. या स्वस्ताईचे मूळ गाडीच्या दर्जात नसून न्यायालयीन आदेशांत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना राजधानी परिसरातील रस्त्यांवर मज्जाव केला. १५ वर्षांवरील वाहनांवर त्याआधीच, नोव्हेंबर २०१४ मध्ये निर्बंध आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही भूमिका उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून अशा वाहनमालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये ही सवलत बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरती मर्यादित केली. मात्र धोरण कधी फिरेल याचा भरवसा नसल्याने तेथील मालक दहावे वर्ष उजाडण्याआधीच गाडी विकून मोकळे होतात. महाराष्ट्रात खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षे वैध असते. तेव्हा दिल्लीत अखेरच्या घटका मोजणाऱ्या गाडीला येथे आणखी बरीच वर्षे आयुष्य उरते.

व्यवहार गैर नाही. मात्र जाहिरातीत दिसते ती गाडीची अर्धीच किंमत असते. उरलेली किंमत प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर मोजावी लागते आणि तेथे घासाघीस चालत नाही.

सर्वांत मोठा घोळ होतो तो ‘वर्षभर चालते’ या समजुतीने. परराज्यातील क्रमांकावर १२ महिने निर्धास्त फिरता येते, असे विक्रेतेही छातीठोकपणे सांगतात. या समजुतीचा आधार मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ४७ मध्ये आहे. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा, असे ते कलम सांगते. म्हणजे मुदत आहे ती क्रमांक बदलण्याची. बदलीवर पुण्यात आलेल्या आणि स्वतःचीच गाडी सोबत आणलेल्या नोकरदाराला ती उपयोगी पडते. गाडी विकत घेणाऱ्यासाठी कलम ५० आहे. त्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपल्या राहत्या भागातील परिवहन कार्यालयाला मालकी हस्तांतरणाची माहिती द्यायची असते. विक्रेत्यानेही गाडी राज्याबाहेर गेल्यास ४५ दिवसांत हस्तांतरणाची सूचना देणे बंधनकारक आहे. ही दोन कलमे एकमेकांत मिसळली की सौदा फसतो.

हस्तांतरणाची किल्ली म्हणजे मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, अर्थात नमुना २८. त्यासाठी अर्ज करायचा असतो तो नोंदणीकृत मालकाने. खरेदीदाराला ते परस्पर मिळत नाही. थकीत कर, न भरलेली ई-चलाने, पोलिसांत गाडीविषयी असलेली नोंद या बाबी तेथेच तपासल्या जातात. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र पुरेसे नाही. नमुना ३५ भरून नोंदणी पुस्तकातील बोजा उतरवलेला असला पाहिजे. प्रमाणपत्रात ज्या कार्यालयाचे नाव असेल तेथेच पुढील नोंदणी होते. खरेदीदार पिंपरी-चिंचवडचा आणि प्रमाणपत्र पुण्याच्या नावाचे, अशी गल्लत झाली तर पुन्हा दिल्लीवारी. तोवर विक्रेत्याचा फोन लागेलच असे नाही. म्हणून पूर्ण रक्कम देण्याआधी हे प्रमाणपत्र आणि विक्रेत्याच्या सहीचे नमुना २९ व ३० हातात असणे अगत्याचे आहे. कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवण्याची दलालांची पद्धत सोयीची वाटली, तरी सही न जुळल्यास सारे मुसळ केरात.

नंतरचा मोठा खर्च कराचा. मूळ राज्यात भरलेला आजीवन कर महाराष्ट्रात ग्राह्य धरला जात नाही. येथे वैयक्तिक मालकीच्या नव्या पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेलवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार त्यात सूट मिळते; पण हिशेबाचा पाया गाडीची नवी असतानाची किंमत हा असतो, तुम्ही मोजलेली नव्हे. आठ लाखांच्या नव्या डिझेल गाडीवर १३ टक्क्यांनी १ लाख ४ हजार रुपये होतात. सूट धरायची ती या आकड्यातून. तीन लाखांत गाडी मिळाली म्हणून तीन लाखांवर कर लागेल, असा हिशेब करणाऱ्याचे अंदाजपत्रक कोलमडते. मूळ खरेदीचे बिल विक्रेत्याकडून मागून घ्यावे ते याचसाठी.

नाव न बदलण्यात विक्रेत्याचाही जीव अडकलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिलेला निकाल त्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवावा. त्या प्रकरणातील मोटार अपघातापूर्वी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सांगून न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. गाडी हातची जाऊन पैसे खर्चून झाले तरी दायित्व मागे राहते ते असे.

खरेदीदाराची अडचण वेगळी. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे विमा संरक्षण मालकी बदलताच आपोआप नव्या मालकाकडे जाते, अशी कायद्यात तरतूद आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र नावावर करून घ्यावा लागतो. त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. दिल्लीहून पुण्यापर्यंतच्या सुमारे चौदाशे किलोमीटरच्या प्रवासात गाडी स्वतः चालवत आणणाऱ्यांनी निघण्याआधीच विमा कंपनीला कळवलेले बरे. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे पॉलिसीचा हप्ता वाढतो.

गाडीची तपासणी जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावी, हे निराळे सांगायला नको. नोंदणी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावेत, कारण येथील मोटार वाहन निरीक्षकही तेच करतो आणि तेथे एक अंक जरी खोडलेला दिसला तरी नोंदणी अडते. पुरात बुडालेल्या गाड्या दूरच्या राज्यांत खपवल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास चिखलाची रेघ सापडते. नोंदणी सक्रिय आहे की रद्द, बोजा व विमा यांची सद्यस्थिती काय, हे ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून दिसते. व्यापाऱ्याकडून गाडी घ्यायची असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र आहे का, तेही विचारावे.

नवा एमएच क्रमांक मिळाला की उच्च सुरक्षा क्रमांकपाटी नव्याने बसवावी लागते आणि फास्टॅगही नव्या क्रमांकाचा घ्यावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उर्वरित काळापुरता परतावा मागता येतो, तो नव्या नोंदणीचा पुरावा जोडल्यावर. कर भरलेला असतो विक्रेत्याने आणि पुरावा असतो खरेदीदाराकडे. तेव्हा ही रक्कम कोणाची, हे सौद्याच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावे.