चतुराची तलवार, मुठीची पारख

दोनशे ते चारशे अमेरिकन डॉलरांत आज जी जपानी धाटणीची तलवार मिळते, तिच्यावर बहुतेक वेळा एखादा जीव असतोच. कधी ढगांतून झेपावणारा ड्रॅगन, कधी बांबूच्या बेटातला वाघ, कधी लाटांवरून उड्या मारणारे ससे, कधी क्रौंच. आणि चतुर तर हमखास. त्सुबावर, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या चकतीवर, तो पंख पसरून बसलेला असतो; मुठीच्या गुंडाळीखालून डोकावतो; म्यानावर रंगवलेला असतो. अशी तलवार भिंतीवर सुरेख दिसते. पण ती खरोखर तलवार आहे की तलवारीच्या आकाराची शोभेची वस्तू, हे कसं ओळखायचं? आणि दिसणं व चालणं या दोन्ही कसोट्यांवर माफक किमतीत काय अपेक्षा ठेवावी?

आधी चतुराविषयी, कारण तो तिथे उगाच आलेला नाही. जपानी योद्धे त्याला ‘काचिमुशी’ म्हणजे विजयाचा किडा म्हणत. तो कधी मागे हटत नाही, पुढेच उडतो, अशी त्यांची समजूत. (खरा चतुर हवेत एका जागी थांबतो आणि मागेही उडतो, पण बोधचिन्हं जीवशास्त्र विचारून निवडली जात नाहीत.) ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ या जुन्या ग्रंथांत सम्राट युर्याकूची गोष्ट आहे: योशिनोच्या रानात शिकारीला गेलेल्या सम्राटाच्या हाताला गोमाशी चावली आणि एका चतुराने येऊन तिला पळवलं. तोकुगावा इएयासूचा सेनानी होंडा तादाकात्सू (१५४८–१६१०) याच्या भाल्याचं नावच ‘तोंबोकिरी’, चतुर कापणारा. भाल्याच्या पात्यावर बसलेला चतुर दोन तुकडे होऊन पडला, अशी त्याची कथा. अमेरिकेतल्या मिनीआपोलिसच्या कलासंग्रहालयात सतराव्या शतकातलं एक शिरस्त्राण आहे. त्याचा आकारच चतुराचा आहे. रणात शत्रूला दुरूनही तो दिसावा, हा त्यामागचा हेतू.

तलवारीचा इतिहास इथे थोडक्यातच. घोडेस्वाराची कमरेला लटकणारी ‘ताची’ मागे पडून, धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचायची कटाना मुरोमाची काळात रुळली. १८७६च्या आदेशाने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. आज जपानमध्ये परवानाधारक लोहारच तलवार घडवतो, तीही महिन्याला दोन लांब पात्यांच्या मर्यादेत. तिच्यासाठी लागणारं ‘तामाहागाने’ पोलाद शिमाने प्रांतातल्या, १९७७मध्ये पुन्हा पेटवलेल्या भट्टीतून येतं. अशा नव्या तलवारीची किंमत सहज दहा लाख येनच्या वर जाते.

म्हणजे माफक किमतीची तलवार जपानमधून येत नाही. ती येते मुख्यतः चीनच्या जेजियांग प्रांतातल्या लोंगच्युआन गावातून. ओउ येझी या दंतकथेतल्या लोहाराने अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे तलवारी घडवल्या, असं ते गाव अभिमानाने सांगतं. गंमत अशी की पंधराव्या-सोळाव्या शतकांत हा व्यापार उलट दिशेने चालत होता. जपानी जहाजं चीनच्या मिंग दरबाराशी व्यापार करायला निघत, तेव्हा त्यांच्या पोटात हजारोंनी तलवारी असत. त्याच काळात बिझेन आणि मिनो प्रांतांतल्या भट्ट्या युद्धासाठी घाऊक माल काढत; त्याला ‘काझुउचिमोनो’ म्हणत. स्वस्त, ठोक तलवार ही आजची विकृती आहे असं जे शुद्धतावादी म्हणतात, त्यांनी हे पान पुन्हा वाचावं.

आता पातं. जाहिरातीत पोलादाचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात आणि ते समजायला सोपे आहेत. १०४५, १०६०, १०९५ या साध्या कार्बन पोलादांत शेवटचे दोन अंक कार्बनचं प्रमाण सांगतात: १०६० म्हणजे सुमारे ०.६० टक्के. ९२६० हे सिलिकॉनचं स्प्रिंग पोलाद, टी-१० हे एक टक्क्याच्या आसपास कार्बनचं हत्यारी पोलाद. ‘स्टेनलेस’ असं लिहिलं असेल तर ती तलवार भिंतीसाठीच घ्यावी. एवढ्या लांबीच्या पात्याला ते पोलाद ठिसूळ पडतं, आणि अशा पात्यांना बहुधा मुठीच्या आत बोटाएवढी सळई झाळून लावलेली असते. फिरवताना ती तुटली तर पातं समोरच्या माणसाच्या दिशेने जातं. ‘हजार घड्यांचं पोलाद’ हीसुद्धा आजच्या कारखान्यात शोभेची गोष्ट आहे. जुने लोहार पोलाद दुमडून ठोकत, कारण भट्टीतून येणारा गोळा अशुद्ध आणि असमान असे. कारखान्याचं पोलाद मुळातच एकसारखं असतं.

पात्याचं खरं सौंदर्य म्हणजे ‘हामोन’, धारेलगतची ती धुक्यासारखी पांढुरकी रेघ. पाणी देण्याआधी लोहार पाठीवर मातीचा जाड थर देतो, धारेवर पातळ. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन मऊ आणि चिवट राहते. धारेकडचं पोलाद कडक होताना किंचित फुगतं, त्यातूनच कटानाचा बाक वाढतो. खरा हामोन एका दिव्याखाली पातं हळूहळू तिरकं केलं की उमटतो आणि सरकतो. त्यात चकाकणारे कण दिसतात, कडा कुठे दाट कुठे विरळ असते. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने काढलेली नक्कल कुठल्याही कोनातून तशीच दिसते, आणि लाटा एकमेकींच्या छापील प्रती वाटतात. टोकाजवळची आडवी रेघही पाहावी: खऱ्या घडणीत तिथे दोन पृष्ठं मिळतात आणि उजेड मोडतो, स्वस्त पात्यावर ती नुसती घासून ओढलेली रेघ असते.

इथेच दिसणं आणि चालणं यांची फारकत होते. माती थापून कडक केलेलं पातं देखणं, पण कापताना कोन चुकला तर वाकतं आणि वाकलेलंच राहतं. ९२६०चं, सबंध एकसारखं कडक केलेलं पातं वाकलं तरी परत सरळ होतं. मात्र त्याच्यावर हामोन नसतो. नवशिक्याच्या हातात दुसरं द्यावं, हे मत इथे ठामपणे मांडायला हरकत नाही.

त्सुबा, फुची (मुठीच्या तोंडाची कडी), काशिरा (मुठीची टोपी) आणि मेनुकी (गुंडाळीखालची छोटी शिल्पं) यांवर चतुर बसतो. जपानमध्ये या कामाची स्वतंत्र घराणी होती. गोतो युजो (१४४०–१५१२) याच्यापासून सुरू झालेलं गोतो घराणं पिढ्यान्‌पिढ्या शोगुनांसाठी हे काम करत राहिलं. तांब्यात थोडं सोनं मिसळून केलेला, जांभळट काळी झळाळी येणारा ‘शाकुदो’ हा त्यांचा आवडता धातू. शेवटच्या थोर कारागिरांपैकी कानो नात्सुओ (१८२८–१८९८) याची तर कथाच निराळी: तलवारींवर बंदी येण्याच्या सुमारास तो मेइजी सरकारच्या नाण्यांचे साचे कोरत होता.

या परंपरेतला चतुर आणि कारखान्यातला चतुर शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. कोरलेल्या कामात पंखाची कड धारदार असते, शरीराखाली छिन्नी आत शिरलेली असते. ओतीव जस्त-मिश्रधातूच्या चकतीवर कडा वितळल्यासारख्या गोल असतात, साच्याच्या जोडाची शीर राहते, पंखांच्या नसा सोनेरी रंगाने भरलेल्या असतात आणि अंगठा लागतो तिथून तो रंग आधी उडतो. लोहचुंबक जवळ न्यावं. लोखंडी त्सुबा लगेच कळतो. दुसरा फरक अभिरुचीचा. जुन्या लोखंडी त्सुबावर चतुर एका कोपऱ्यात असतो आणि बाकीचं लोखंड मोकळं असतं. स्वस्त तलवारीत चतुर, गवत, पाणी, चंद्र, सगळं दाटीने येतं. एकाच तलवारीवर चतुर किती आहेत यापेक्षा त्यांच्याभोवती मोकळी जागा किती आहे, ते पाहावं. तोक्योत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात किंवा र्योगोकूच्या तलवार संग्रहालयात एक दुपार घालवली की डोळा तयार होतो. जपान दूर वाटत असेल त्यांना हैदराबादच्या सालार जंग संग्रहालयात जपानी तलवारी पाहता येतील.

आणि आता मूठ, त्सुका. या किमतीच्या तलवारीत पैसा पोलादाला आणि चतुराला लागतो. बचत होते ती मुठीच्या आत, जिथे गिऱ्हाईक पाहत नाही. म्हणून तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवावा.

चांगली मूठ होनोकी या हलक्या, मऊ लाकडाच्या दोन फाळ्यांची असते. आतली पोकळी छिन्नीने नाकागोच्या, म्हणजे पात्याच्या शेपटाच्या, अचूक मापाने कोरतात आणि फाळ्या शिजवलेल्या भाताच्या खळीने चिकटवतात. शेपूट लाकडाला सगळीकडून टेकलेलं असतं, म्हणून घावाचा हिसका पूर्ण मुठीत पसरतो. बांबूची ‘मेकुगी’ ही खुंटी पातं सरकू नये एवढ्यासाठीच असते. कारखान्यात ही पोकळी यंत्राने ढोबळ खणली जाते. मग शेपूट आत डुगडुगतं, सगळा भार खुंटीवर येतो आणि खुंटीच्या भोकाजवळ लाकडाला तडा जातो. सैलपणा लपवायला कुणी जास्तीच्या पितळी चकत्या घालतं, कुणी इपॉक्सी ओततं. जपानी कारागीर त्सुबाच्या भोकात मऊ तांब्याचे तुकडे ठोकून तो पात्याला नेमका बसवतो. हे साधं काम स्वस्त तलवारीत क्वचित दिसतं.

लाकडावर ‘सामेगावा’, पाकट माशाची दाणेदार कातडी. ती पूर्ण गुंडाळलेली असेल तर दोन फाळ्यांना जखडून ठेवते आणि तिचे दाणे वरची फीत घसरू देत नाहीत. बऱ्याच स्वस्त मुठींवर मात्र दोन्ही बाजूंना तिच्या पट्ट्याच चिकटवलेल्या असतात. कडेने मुठीकडे पाहिलं, फितीखाली उघडं लाकूड दिसलं, की समजावं. प्लास्टिकची नक्कल तर दाण्यांवरूनच कळते. खऱ्या कातडीत दाणे लहानमोठे असतात, साच्यातले एकसारखे.

मग फीत. रेशमी, सुती किंवा कातडी. प्रत्येक वेढ्याला दोन पदर एकमेकांवरून जातात आणि मधे चौकटचा आकार उमटतो. नीट काम केलेल्या मुठीत वर येणारा पदर दर वेढ्याला बदलतो. एकदा डावा, एकदा उजवा. प्रत्येक घडीखाली कागदाचा छोटा त्रिकोण, ‘हिशिगामी’, दाबून बसवलेला असतो. तो आकार राखतो आणि गुंडाळी ताठ ठेवतो. घाईच्या कामात कागद गळतो, चौकटी वाकड्यातिकड्या होतात, फीत चकचकीत कृत्रिम धाग्याची असते. परीक्षा सोपी आहे: अंगठ्याने फीत बाजूला ढकलावी. सरकली, तर ही मूठ घामेजल्या हातात फिरणार. मेनुकीतला चतुरही इथेच तपासावा. विषय ठसठशीत दिसावा म्हणून तो फार उंच ओततात आणि तो हाताला टोचतो. यागयू या तलवारबाजीच्या परंपरेत तर मेनुकीची नेहमीची जागा उलट करून ती तळहाताखाली येईल अशी बसवत. म्हणजे ती दागिना असूनही पकडीचा भाग होती.

म्यानाचं काम थोडक्यात सांगता येईल. तलवार अंगठ्याच्या दाबाने म्यानाच्या तोंडातून सुटावी, पण म्यान उलटं धरलं तर आपोआप सरकू नये; आत खडखड नसावी. मुठीवर हाताने थाप मारली तर कुठूनही टकटक ऐकू येऊ नये. ऐकू आली तर ती तलवार फिरवू नये.

कापण्याची चाचणी भिजवलेल्या तातामी गवताच्या गुंडाळीवर करतात. तीही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, समोर आणि मागे मोकळी जागा ठेवून, प्रत्येक फेरीआधी खुंटी तपासून. चांगली १०६०ची तलवार, किलो-सव्वा किलो वजनाची, तोल त्सुबापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर असलेली, हे काम व्यवस्थित करते. जड ओतीव त्सुबा तोल मागे ओढतो आणि सजावटीची किंमत मनगट मोजतं. जपानमध्ये मात्र ही चिनी तलवार नेताच येत नाही. तिथले विद्यार्थी जस्त-ॲल्युमिनियमच्या बोथट ‘इआयतो’वर सराव करतात. भारतात शस्त्र नियमांच्या यादीत तलवार नावानिशी आहे, त्यामुळे मागवण्याआधी स्थानिक पोलिसांकडून परवान्याची खात्री करून घ्यावी. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळी हवेत कार्बन पोलाद झपाट्याने गंजतं. पात्यावर पातळ खनिज तेलाचा हात फिरत राहिला पाहिजे आणि बोटांचे ठसे पुसले गेले पाहिजेत.

चतुराची तलवार घ्यायची झाली तर असा हिशेब करावा: साधं १०६० किंवा ९२६०चं पातं, लोखंडी त्सुबा, पूर्ण गुंडाळलेली कातडी, न हलणारी फीत. या चार गोष्टी जुळल्या तर खोट्या हामोनकडे दुर्लक्ष करावं आणि तलवार खुशाल घ्यावी. पातं उत्तम आणि मूठ वाईट असेल तर उरलेल्या पैशांत मूठ नव्याने बांधून घ्यावी. मूठ बांधणारा मिळणार नसेल, तर चतुर कितीही देखणा असला तरी ती तलवार सोडून द्यावी आणि सरावासाठी इआयतो घ्यावी.