दहा जणांची चव आणि सुखात्म्यांची कोष्टकं

फराळाचा गृहउद्योग चालवणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. चकलीच्या भाजणीला त्या इतकी वर्षं तेलाचं मोहन घालत होत्या. यंदा लोण्याचं घालून पाहिलं. नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांना दोन्ही चकल्या खायला दिल्या, दहापैकी गुण विचारले आणि एक्सेलमध्ये भरले. जुन्या चकलीची सरासरी आली ६.५, नवीची ७.२. ‘एवढ्याशा फरकावर लोण्याचा खर्च उचलायचा का? की हा नुसता योगायोग?’ असं त्यांनी विचारलं आहे आणि दोन्ही रकाने उतरवून पाठवले आहेत. जुनी: ८, ५, ७, ४, ९, ६, ७, ५, ८, ६. नवी, त्याच माणसांच्या क्रमाने: ९, ६, ७, ५, ९, ७, ८, ५, ९, ७.

गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखून देतो असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती सध्या छोट्या व्यावसायिकांच्या मागे लागल्या आहेत. या वीस आकड्यांसाठी त्यातलं काहीही विकत घ्यायची गरज नाही. लागणारं हत्यार ताईंच्या एक्सेलमध्ये आधीपासून बसलेलं आहे: टी-चाचणी. तिच्या सूत्रात चार जागा असतात. पहिल्या दोन जागी दोन रकाने, तिसऱ्या जागी २ (म्हणजे फरक कोणत्याही बाजूचा चालेल), आणि चौथ्या जागी १, २ किंवा ३. खरी गोम या चौथ्या जागेत आहे.

तिथे २ टाकलं तर उत्तर येतं ०.३३. म्हणजे दोन्ही चकल्या चवीला अगदी सारख्या असत्या, तरी सरासरीत एवढा किंवा याहून मोठा फरक तीनातून एकदा सहज दिसला असता. योगायोगच म्हणायचा. आता २ पुसून १ टाका. आकडे तेच, पण उत्तर येतं साधारण ०.००१. हजारातून एखाद्या वेळी घडावी अशी गोष्ट! योगायोगाचा संशय जवळपास फिटला.

सूत्राने घूमजाव केलेलं नाही. दोन वेळा आपण दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत. २ टाकल्यावर एक्सेल असं धरून चालतं की जुनी चकली दहा जणांनी खाल्ली आणि नवी दुसऱ्याच दहा जणांनी. मग ४ देणारे हात आखडून गुण देणारे गृहस्थ आणि ९ देणाऱ्या उदार बाई यांच्यातली तफावतच इतकी मोठी ठरते की चकलीचा ०.७ गुणांचा फरक तिच्यात बुडून जातो. १ टाकल्यावर प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडला जातो. तिसऱ्या रकान्यात नवीतून जुनी वजा करून बघा: सात जणांनी एकेक गुण जास्त दिला, तिघांनी तेवढाच दिला, कमी एकानेही दिला नाही. एक्सेल नसतं तरी हे बोटांवर तपासता आलं असतं. ज्यांना फरक जाणवला ते सातही जण एकाच बाजूला गेले. नाणं सात वेळा उडवून सातही वेळा एकच बाजू पडावी, हे ६४ खेपांत एकदा घडतं.

ही चाचणी शोधणारा माणूस डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता, हे मला फार आवडतं. विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकून तो १८९९ मध्ये तिथे रुजू झाला. बार्लीचं कोणतं वाण चांगलं, हा कारखान्याचा रोजचा प्रश्न. पण हाताशी असायचे मोजकेच प्रयोग. त्या काळचं संख्याशास्त्र शेकडो-हजारो नोंदींवर पोसलेलं होतं. चार नोंदींवर किती विसंबायचं, याचं उत्तर त्याचे गुरू कार्ल पिअरसन यांच्याकडेही नव्हतं, आणि त्यांना त्याची फारशी निकडही वाटत नव्हती.

गॉसेटने उत्तर आधी कागदावर मांडलं आणि मग ते हातांनी पडताळलं. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी एक छापील नोंद त्याला मिळाली. प्रत्येकाचे आकडे एकेका पुठ्ठ्यावर लिहून त्याने ते सगळे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी आणि विखुरणं काढून आपलं सूत्र त्याच्याशी ताडून पाहिलं. आज संगणकावर क्षणात होणारं हे काम त्याने पुठ्ठ्यांवर केलं! १९०८ साली निबंध छापून आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापणं कारखान्याला मंजूर नव्हतं. त्या निबंधातलं एक उदाहरण तर ताईंच्या चकलीचं सख्खं भावंड आहे: दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, प्रत्येकाला दोन्ही दिलेली. एकाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. गॉसेटनेही प्रत्येक रुग्णाचा स्वतःशीच फरक काढला.

पण आपली टी-चाचणी तिथेच संपत नाही. समजा ताईंनी लसणाची चकली काढली आणि ती वेगळ्याच गिऱ्हाइकांना दिली. लसूण आवडणारे ९-१० देतील, न आवडणारे २-३. साध्या चकलीचे गुण मात्र ६ ते ८ मध्येच घुटमळतील. गट वेगळे, आणि विखुरणंही वेगळं. अशा वेळी सरासऱ्या कशा ताडायच्या, हा संख्याशास्त्रातला एक गाजलेला वाद आहे. बेरेन्सने १९२९ मध्ये त्यावर एक मार्ग सुचवला, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी तो उचलून धरला, पण तो वापरायचा तर कोष्टकं हवीत. ती कोणी तयार केली? सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी.

फर्ग्युसनमध्ये शिकलेले सुखात्मे १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे फिशर एका विभागाचे प्रमुख होते आणि कार्ल पिअरसन यांचे चिरंजीव इगॉन दुसऱ्याचे; दोन्ही गटांत विस्तव जात नव्हता. सुखात्मे घडले इगॉन पिअरसन आणि त्यांचे सहकारी नेमान यांच्या गोटात, आणि तरीही १९३८ मध्ये ‘संख्या’ या भारतीय नियतकालिकात त्यांनी कोष्टकं छापली ती फिशर यांच्या मार्गाची. पुढे ती फिशर आणि येट्स यांच्या कोष्टकसंग्रहातही गेली. एक्सेलमध्ये चौथ्या जागी ३ टाकलं की हाच प्रश्न सुटतो, पण तो वेल्श यांच्या १९४७ च्या पद्धतीने, आणि त्यामुळे सुखात्म्यांचं नाव कुठे दिसत नाही. आपल्याकडेही त्यांची आठवण निघते ती पोषणाच्या वादामुळे. निरोगी माणसाचा उष्मांकही रोज खालीवर होतो, म्हणून सरासरी गरजेची रेघ मारून तिच्याखालचे सगळे कुपोषित मोजू नका, असं ते म्हणत. अर्थतज्ज्ञ दांडेकरांशी त्यांचा त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात कोण बरोबर हे बाजूला ठेवलं, तरी विचाराचा धागा मला थेट इथे आलेला दिसतो: माणसामाणसातला फरक निराळा, आणि एकाच माणसातला निराळा. गुणांच्या रकान्यांनाही तेच लागू आहे.

आता लोण्याच्या खर्चाचं. योगायोग नाही एवढंच चाचणीने सांगितलं. परवडतं की नाही, हे ती सांगत नाही. ०.०५ च्या खाली आकडा आला की झालं, ही रेघ फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाली. गॉसेटचा हिशेब मला जास्त शहाणपणाचा वाटतो. किती खात्री पुरेशी, हे निर्णय चुकला तर किती पैसे जातील आणि बरोबर ठरला तर किती मिळतील यावर ठरवावं, असं तो अगदी सुरुवातीपासून म्हणत होता. चाखून गुण देणारं गिऱ्हाईक किलोमागे चार पैसे जास्त मोजेलच असं नाही. तेव्हा महिनाभर दोन्ही चकल्या आपापल्या भावाने शेजारी-शेजारी विकायला ठेवाव्यात आणि पुड्यांचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवावा. एकाच वेळी वीस पदार्थांवर मात्र चाचण्या चालवू नयेत. वीसपैकी एखादा नुसत्या योगायोगानेही ०.०५ च्या खाली येतो.

पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही: आधी कोणती चकली दिली? सगळ्यांना जुनी आधी आणि ‘ही बघा नवी’ म्हणून दुसरी नंतर दिली असेल, तर तो जादा गुण कौतुकाचाही असू शकतो. पुढच्या वेळी बशांवर नुसतं ‘अ’ आणि ‘ब’ लिहा, निम्म्या जणांना ‘ब’ आधी द्या. आणि दोन-चार जणांना, काही न सांगता, दोन्ही बशांत एकच चकली द्या. त्यांच्या दोन गुणांत किती फरक पडतो तो चौथ्या रकान्यात लिहा. तोही जर एकेका गुणाचा निघाला, तर लोणी आणायच्या आधी चाचणी पुन्हा करा.