निसर्गशास्त्राचें शिक्षण व दूरदेशची शाळा

निसर्गशास्त्र शाळेंत बहुधा पुस्तकांतूनच शिकविलें जातें, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावरील उपायही जुनाच आहे : मुलांना वर्गाबाहेर न्यावें आणि झाड, माती, पाऊस, तारे हीं त्यांना प्रत्यक्ष दाखवावीं. उपाय चांगला खरा. परंतु त्यालाही एक मर्यादा आहे. जें नित्य डोळ्यांपुढें असतें, त्याविषयीं प्रश्न पडत नाहीं. मुळशीच्या मुलाला आषाढांतला पाऊस इतका परिचयाचा असतो कीं, तो आषाढांतच इतका कां कोसळावा, हें विचारण्याचें त्याला सुचत नाहीं. दुसऱ्या देशांतील मुलाची नोंदवही त्याच्या वहीशेजारीं ठेवली म्हणजे तो प्रश्न आपोआप उभा राहतो. निरनिराळ्या देशांतील शाळांनीं जोडीनें निसर्गशास्त्र शिकण्याचें खरें प्रयोजन हेंच होय.

पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यांत या विचाराला अनुकूल असें एक ठिकाण आहे. पौडजवळ, खुबवली गांवच्या टेकडीवर, १९९७ सालीं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही निवासी संस्था सुरू झाली. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेनें १९६२ सालीं वेल्समध्यें अटलांटिक कॉलेज निघालें. त्याच परिवारांतील ही भारतांतील संस्था. येथें अनेक देशांचीं मुलेंमुली दोन वर्षें एकत्र राहून इंटरनॅशनल बॅकलॉरिएट परीक्षेचा अभ्यास करतात. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनीं मिळून एखाद्या प्रश्नाचा शोध घ्यावा, अशी त्या अभ्यासक्रमांत सक्तीची योजना आहे. तथापि असें निवासी शिक्षण थोड्यांच्याच वांट्यास येणार. टेकडीखालच्या खेड्यांतील शाळेनें काय करावें? उत्तर असें कीं, मुलांनीं प्रवास केला नाहीं तरी चालेल. त्यांच्या नोंदींनीं प्रवास केला म्हणजे पुरे.

याचें सर्वांत सोपें उदाहरण सावलीचें आहे. एक मीटर लांबीची सरळ कांठी ओळंबा लावून सपाट अंगणांत उभी करावी आणि दुपारची सर्वांत आंखूड सावली मोजावी. २० मार्चच्या सुमारास, म्हणजे दिवस व रात्र सारखीं असतां, मुळशीस ही सावली सुमारें ३३ सेंटिमीटर भरते आणि उत्तरेकडे पडते. अक्षांशांवरून हिशेब केला तर त्याच दिवशीं वेल्समधील अटलांटिक कॉलेजच्या अंगणांत तशाच कांठीची सावली सुमारें १२५ सेंटिमीटर येईल. कांठी तीच, सूर्य तोच, मग सावली चौपट कशी? पृथ्वी सपाट असती तर इतक्या दूरच्या सूर्याचे किरण दोन्हीकडे सारखेच पडते. ते सारखे पडत नाहींत, याचा अर्थ दोन्ही कांठ्या एका दिशेला उभ्या नाहींत. जमीनच वांकलेली आहे.

येथें गणिताची गांठ पडते. कांठी व सावली यांचा त्रिकोण वहींत प्रमाणांत काढून कोनमापकानें कोन मोजला, तर मुळशीस तो साडेअठरा अंश आणि वेल्समध्यें एक्कावन्न अंशांहून किंचित् अधिक येतो. फरक सुमारें ३३ अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा जवळजवळ अकरावा भाग. नकाशावर दोन्ही ठिकाणांमधील उत्तर-दक्षिण अंतर पाहावें. तें सुमारें ३,६५० किलोमीटर आहे. तिरपें अंतर येथें उपयोगाचें नाहीं. या अंतराला अकरांनीं गुणलें कीं पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरांच्या आसपास निघतो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत एराटोस्थेनीसनें ईजिप्तमधील सायीनी व अलेक्झांड्रिया या दोन ठिकाणांच्या मध्यान्हींच्या सूर्यावरून घेर काढला, तो याच रीतीनें. त्याला मिळालेला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग होता.

तिसरी शाळा दक्षिण गोलार्धांतली असली तर मौज अधिक वाढते. याच परिवारांतील वॉटरफर्ड कम्हलाबा ही शाळा एस्वातिनी, म्हणजे पूर्वीचें स्वाझीलँड, या देशांत आहे. तेथें त्याच दुपारीं सावली सुमारें ४९ सेंटिमीटर भरेल, पण पडेल दक्षिणेकडे. मग कोनांची वजाबाकी न करतां बेरीज कां करावी लागते, हें मुलांना शोधून काढूं द्यावें. मुळशीची सावलीही कांहीं आठवडे दक्षिणेकडे पडते. मेच्या मध्यास सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली पायाखालीं नाहींशी होते. तेव्हांपासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हींचा सूर्य किंचित् उत्तरेस असतो. जुलैंतली शून्य सावली मात्र ढगांमुळें मुळशीकरांना क्वचितच दिसते.

या उपक्रमांत घड्याळही एक धडा शिकवितें. मध्यान्ह म्हणजे बारा वाजणें नव्हे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. मुळशी तिच्या बऱ्याच पश्चिमेस. म्हणून २० मार्चच्या सुमारास येथें सर्वांत आंखूड सावली बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास पडते. ज्या शाळेंत बाराच्या ठोक्याला मोजणी आटोपली, तिचा आंकडा चुकला म्हणून समजावें. मुळशींत सावली मोजतांना एका सेंटिमीटरची चूक झाली तर कोन सुमारें अर्ध्या अंशानें चुकतो, आणि पृथ्वीच्या घेरांत सहाशे किलोमीटरांचा फरक पडतो. काळजीपूर्वक मोजणें म्हणजे काय, हें यापरतें दुसऱ्या कोणत्या उपदेशानें पटेल?

सावलीप्रमाणेंच पावसाचें. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्येचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचें पाणी होतें. घाट उतरून पूर्वेस जातांना ते कोरडे होत जातात. त्यामुळें पुण्यास वर्षाकांठीं सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तो कित्येक पटींनीं अधिक असतो. एकाच तालुक्याच्या दोन टोकांच्या शाळांनीं पर्जन्यमापक ठेविले तरी हा फरक दिसेल. एस्वातिनींतील पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळांत, म्हणजे तेथल्या उन्हाळ्यांत पडतो. वेल्समध्यें तो बाराही महिने थोडाबहुत असतोच. तीन कोष्टकें शेजारीं मांडलीं कीं ऋतु हा शब्द पाठांतराचा न राहतां विचाराचा होतो.

मात्र अशा तुलनेस एक अट आहे : माप एक, रीत एक. भारतीय हवामानखात्यांत दिवसाचा पाऊस सकाळीं साडेआठ वाजतां मोजतात. दोन शाळांनींही अशी एक वेळ ठरवून ती पाळली पाहिजे. अशाच नियमबद्ध नोंदींसाठीं ग्लोब हा आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रम १९९५ सालीं सुरू झाला व भारत त्यांत २००० सालीं सामील झाला. हवा, पाणी, माती व सजीव यांच्या मोजणीच्या रीती त्यांत ठरवून दिलेल्या आहेत.

दोन धोके मात्र शिक्षकांनीं ध्यानांत ठेवावे. पहिला, केवळ शुभेच्छापत्रें व छायाचित्रें यांची देवघेव होऊन सोहळा उरतो आणि शास्त्र राहून जातें. दुसरा अधिक घातक : परदेशी शाळेचा आंकडा तेवढा खरा मानून गांवचीं मुलें आपला आंकडा त्याला जुळवून घेतात. असें झालें कीं शिक्षणच संपलें. ज्या दिवशीं ढग आले, त्या दिवशीं वहींत "ढग" असेंच लिहिलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं दोन्ही शाळांनीं पुन्हां मोजावें. मोजणी एकाच दिवसाची असली म्हणजे दोन कोनांतील फरक वर्षांतील कोणत्याही दिवशीं तोच येतो.

या भागीदारींत कोणी गुरु नाहीं, कोणी शिष्य नाहीं. वेल्सच्या मुलाला आपल्या एकट्याच्या सावलीवरून पृथ्वीचा घेर काढतां येत नाहीं. त्याला मुळशीची सावली हवीच असते. कांठी, दोरी, ओळंबा आणि एक वही इतक्या सामग्रीवर खेड्यांतील मुलाचा आंकडा जगाच्या हिशेबांत बरोबरीनें बसतो, जर तो प्रामाणिकपणें मोजलेला असेल तर.